ज्याचं त्याला

आमच्या आंब्याची एक फांदी शेजाऱ्यांच्या अंगणावर झुकलेली. तिकडे पडलेला प्रत्येक आंबा ते पुसून आमच्या पायरीवर आणून ठेवायचे. "ज्याचं त्याला," एवढंच म्हणायचे. दुसऱ्याच्या कुंपणावरची जास्वंदही त्यांनी कधी तोडली नाही.

खाडीकाठी त्यांचं खाजण होतं, बांध घालून खाऱ्या पाण्यापासून राखलेली जमीन. बांध फुटल्यापासून भरती आत यायची आणि जुन्या भातशेतीत खारफुटीचं दाट रान झालं होतं. खारफुटी तोडायला कोर्टाची बंदी आली आणि पुढच्याच उन्हाळ्यात त्यांनी गडी लावून बांध बांधून काढला. भरतीचं पाणी तुटलं. खारफुटीची पानं पिवळी पडू लागली.

न राहवून मी बांधावर त्यांच्याकडे गेले. बाहेर भरती चढत होती.

"भाऊजी, मरतंय हो सगळं."

"वहिनी, मी एका फांदीला तरी हात लावलाय काय? सातबारा माझा, बांध माझा. तो दुरुस्त करायला कुणाला विचारू?"

आवाज नेहमीसारखाच मऊ. बोलताबोलता ते बांधातली एक ओली भेग पायाने चिखल दाबून बुजवत होते.

संध्याकाळी आमच्या पायरीवर आंबा होता, पुसून ठेवलेला. त्याला हात लावायची मला भीती वाटली.