सड्यावरचं गाऱ्हाणं

देवीवर माझा विश्वास आहे का, असं कुणी त्या दुपारी विचारलं असतं, तर मी सरळ सांगितलं असतं की आहे, म्हणूनच तर तिचा इतका संताप आलाय. नसलेल्या माणसाशी कोण भांडतं?

आमचा जिल्हा नुकताच वेगळा झाला होता, तेव्हाची गोष्ट. आमचे हे बोटीवर नोकरीला, वर्षातले बरेच महिने समुद्रावर. घरात मी आणि माझे सासरे, आबा. यांनी हौसेने घेतलेली जुनी मोटार अंगणात होती आणि ती चालवायला मी शिकले होते. मालवणच्या बाजारात बाई गाडी चालवते म्हणून लोक वळून बघत. त्याचं मला काही वाटत नसे. राग यायचा तो गॅरेजवाल्याचा. गाडी चालू असताना समोरचा बॅटरीचा तांबडा दिवा लागून राहायचा. मी गाडी नेली, तर तो म्हणाला, "वैनी, बॅटरी गेली." नवी बॅटरी घातली. थोड्याच दिवसांत पुन्हा तांबडा दिवा आणि सकाळी गाडी मुकी. "ही बॅटरीय खराब निघाली," म्हणून त्याने आणखी एक घातली. दिवा तसाच. "दुसरं काही बिघडलं असेल, जरा नीट बघा," असं मी म्हणाले, तर हसला. "बाईमाणसाक गाडयेतला काय कळता?" आणि मग त्याने काय केलं असेल? त्या दिव्याचा बल्बच काढून टाकला. "आता दिवो लागाचो नाय. बिनघोर चलवा." आजही हे लिहिताना माझे कान तापतात. रोग तसाच ठेवून माणसाचं ओरडणं बंद करण्यातला हा प्रकार. दुसरं गॅरेज जवळपास नव्हतं, म्हणून मी दात-ओठ खात गाडी घरी आणली.

मे महिन्यात एका सकाळी आबांची लघवी अडली. दुपारपर्यंत त्यांचं पोट फुगून कडक झालं, कपाळावर घाम. गावातल्या डॉक्टरांनी हात टेकले आणि म्हणाले, "ताबडतोब कुडाळला न्या." आबा करारी माणूस. वेदनेने ओठ आवळलेले, पण तोंडातून हूं की चूं नाही. गावाची वेस ओलांडताना त्यांनी ग्रामदेवी सातेरीच्या देवळाच्या दिशेने हात तेवढे जोडले. मी गाडी दामटली. आणि कातळाच्या उघड्या सड्यावर, जिथे सावलीला धड एक झाड नाही, तिथे इंजिनाने आचके दिले आणि गाडी थांबली. चावी फिरवली, तर टकटकसुद्धा नाही.

एक ट्रक गेला, थांबला नाही. भरलेली एक बस गेली, ड्रायव्हरने माझा उंचावलेला हात बघूनही नजर वळवली. मागच्या सीटवर आबा डोळे मिटून पडले होते. तेव्हा माझा बांध फुटला. मी रस्त्यात उभी राहून मोठमोठ्याने देवीला बोलले. देवळात गाऱ्हाणं घालतात ते विनवणीने. माझ्या गाऱ्हाण्यात विनवणी नव्हती. "या माणसानं जन्मभर तुझी सेवा केली ना? मग आज कुठं बसलीस? आणि त्या गॅरेजवाल्याला तूच बुद्धी दिलीस का गं? मला अक्कल नाही म्हणे! मग ज्याला आहे असा कुणी तरी पाठव, नाही तर उद्यापासून तुझ्या पायरीवर पाऊल ठेवणार नाही!"

बोलून दम लागला, तशी समोरचा चढ चढून हॉर्न वाजवत एक जीप आली. लग्नाचं वऱ्हाड, कुडाळला लग्न लावून समुद्राकडे निघालेलं, माणसांनी खच्चून भरलेलं. जीप थांबली. नवरदेवाचे वडील म्हणाले, "म्हाताऱ्याक आमच्या गाडयेत घाला, आमी गाडी परतवतो. पोरांनो, उतरा रे." मी मात्र रागाच्या भरात दोन बॅटऱ्या, तांबडा दिवा, काढलेला बल्ब, सगळं भडाभडा सांगतच होते. तेवढ्यात आतून नवरी म्हणाली, "थांबा, थांबा. चालू गाडयेतय दिवो लागायचो काय?"

"सतत," मी म्हणाले.

"मग बॅटरीचो दोष नाय, ताई. ती भरतच नाय. तिका भरणारो डायनॅमो बघूक व्हयो." आणि ती खाली उतरली. शेल्याची गाठ अजून सोडलेली नव्हती, त्यामुळे नवरदेवही मागोमाग ओढला गेला. तिच्या वडिलांचं देवगडला मोटारी आणि पंप दुरुस्तीचं दुकान, तिथेच ती लहानाची मोठी झालेली. मुंडावळ्या कानामागे सारून ती बॉनेटखाली वाकली, हिरव्या चुड्याचा हात आत घातला आणि डायनॅमोची जाड वायर हलवली. वायर तिच्या हातातच आली. टोक जळून काळं पडलेलं. तिने जीपमधली पक्कड मागवली, जळका भाग कापला, तांबं उघडं करून घट्ट आवळलं. तिची सासू काही बोलणार, तोच नवरदेव म्हणाला, "आये, बघ गो, माझी बायल किती हुशार ती!" मग जरीच्या टोप्या आणि नव्या साड्यांसकट सगळ्या वऱ्हाडाने माझी गाडी उतारावर ढकलली. मी क्लच सोडला, गाडीने दचका दिला आणि इंजिन धडधडू लागलं. "कुडाळ येईसर बंद करू नका!" मागून ती ओरडली. तिचं नाव विचारायचंसुद्धा राहून गेलं.

कुडाळच्या डॉक्टरांनी नळी घातली आणि आबांच्या चेहऱ्यावरचा ताण उतरला. ती मुलगी म्हणजे साक्षात सातेरी, असं मी म्हणत नाही. ती देवगडची लेक होती आणि तिचे हात ग्रीसने काळे झाले होते. ती त्याच वेळी त्या रस्त्याने का आली, हे मात्र मला सांगता येत नाही, आणि कुणी समजावून द्यावं असंही वाटत नाही. गॅरेजवाल्यावरचा राग अजून आहे. तो देवीनेही काढून घेतला नाही.

रात्रभर एक गोष्ट मला खात राहिली. आबा मागे पडून सगळं ऐकत होते. देवीला मी जे बोलले, ते या देवभक्त माणसाला कसं लागलं असेल? सकाळी मी त्यांना चहा पाजत होते, तेव्हा ते स्वतःच म्हणाले, "काल तू देवीक काय काय बोललंस, ता मी सगळा आयकलंय."

मी कप खाली ठेवला.

"माका तोंड उघडूक येय नाय होता," ते म्हणाले. "उघडला असता, तर मीय ह्याच बोललो असतंय. बरा झाला, माझ्या वाटचाय तूच बोललंस."

तेव्हापासून शरण जाणं म्हणजे मुकाट्याने डोकं टेकणं, असं मला वाटत नाही. त्या दुपारी माझ्याजवळ फक्त संताप होता. तो सगळा मी देवीच्या पुढ्यात ओतला, आणि तिने तो नैवेद्यासारखा ठेवून घेतला.