एकाच देवकाचे दोन राखणदार

आमचे मामंजी, म्हणजे माझे सासरे, फुकटच्या वस्तूवर विश्वास ठेवत नाहीत. भाजीवालीनं वर टाकलेली कोथिंबीरसुद्धा दोनदा हुंगून पिशवीत ठेवतात. त्यामुळे घरच्या कॉम्प्युटरला फुकटचा अँटिव्हायरस टाकू या, असं मी म्हटलं तेव्हा काय ऐकावं लागणार ते मला ठाऊक होतं.

"सुम्ने कोण देतंय गे अम्मा?" ते म्हणाले. "उगाच कोणी देत नाही. घराणं बघ आधी त्याचं."

घराणी हा त्यांचा प्रांतच. म्हैसूर, हुणसूर, बन्नूरकडच्या जुन्या मराठी घरांची देवकं आणि सोयरिकी त्यांनी सहा वर्षं खपून एका फाइलीत टाइप केल्यात. भाषा मराठी, अक्षरं कन्नड, कारण शाळा कन्नड. देवक एक निघालं तर लग्न जमत नाही, म्हणून बोलणी सुरू करण्याआधी लोक म्हैसुरात सरस्वतीपुरमला आमच्याकडे येतात आणि मुलामुलींची माहिती पेनड्राइव्हवर घेऊन येतात. अशाच एका पेनड्राइव्हनं नात्यातल्या एकांचा कॉम्प्युटर पार झोपवला होता. मामंजींची फाइल तशी गेली तर, म्हणून मी अँटिव्हायरसचा विषय काढला होता. दुसरीकडे प्रत ठेवू म्हटलं की त्यांचं ठरलेलं उत्तर, "लोकांच्या घरच्या गोष्टी. दोन ठिकाणी नकोत."

मी पेशानं सॉफ्टवेअर तपासणारी, पण माहेर कोल्हापूर, त्यामुळे धीर कमी. कशीबशी महिनाभर त्यांच्या होकाराची वाट पाहिली, चार नावं चाळली, त्यातलं एक निवडलं आणि मामंजी फिरायला गेलेले असताना टाकूनही दिलं. समोर येईल त्या चौकटीला न वाचता 'हो' म्हणत गेले. ऑफिसात दुसऱ्या कुणी असं केलं असतं तर मी त्याची बिनपाण्यानं केली असती.

दुसऱ्या दिवशी कॉम्प्युटर जागचा हलेना. हुणसूरहून एक कुटुंब देवक विचारायला आलेलं, बाहेरच्या खोलीत कॉफी पीत बसलेलं, आणि इकडे फाइल उघडत नाही. मामंजींचा चेहरा उतरला होता. मी खुर्ची ओढून बसले. पडद्याच्या खालच्या कोपऱ्यात बघते तर माझ्या अँटिव्हायरसशेजारी आणखी एक! दोघे एकमेकांनाच चोर समजून झडत्या घेत होते.

"हा कुणी टाकला?"

"मीच. तू बोललीस त्याच आठवड्यात, दुकानदाराला विचारून."

"मग सांगायचं नाही का, मामंजी?"

"सांगितलं असतं तर हसली असतीस, अल्वा? खरं ना?"

हसले असते, हे खरंच. मी म्हटलं, हे दोघे एका घरात नांदत नाहीत, एक काढावा लागेल. ते त्यांना क्षणात पटलं. "एकाच देवकाचे ते. कसं जमणार?" म्हणत पाहुण्यांना ऐकू जाईल एवढ्यानं हसले.

त्यांचा काढायचा म्हणून मी तो उघडला. त्यात फुकटात एकाच फोल्डरला जादा राखण मिळत होती. तिथं त्यांची फाइल असणार, हे मी धरूनच चालले होते. पण तिथं माझा फोल्डर होता. रविवारी बसून आईबद्दल, माहेरच्या गल्लीबद्दल मी जे काही खरडते, त्याचा. सगळं देवनागरीत, जी मामंजींना धड वाचताही येत नाही.

"हे काय? तुमची फाइल सोडून माझा?"

"माझं गेलं तर चार घरं फिरून, विचारून परत लिहीन," ते म्हणाले. "तुझं गेलं तर कुणाला विचारायचं गे?"

मी त्यांचा तसाच ठेवला आणि माझा अँटिव्हायरस काढून टाकला. फाइल उघडली. हुणसूरच्या मुलाचं देवक वेगळं निघालं आणि कॉफीचा दुसरा फेरा झाला.

संध्याकाळी मी भीत भीत विचारलं, तुमची फाइल माझ्या फोल्डरात हलवू का? तिलाही राखण मिळेल.

त्यांनी थोडा विचार केला. "आयतु, बरं," म्हणाले, "राहू दे तुझ्याजवळ."