कापलेली हिरवी वायर

वायरला सोल्डरिंगचा डाग देताना राळ जळाल्याचा वास आला, की मला बंगळुरातल्या बनशंकरीतली सासऱ्यांची खोली आठवते. ते मूळचे निपाणीकडचे, आयुष्यभर रेडिओ दुरुस्त केलेले. त्यांचा जुना व्हॉल्व्हचा ॲम्प्लिफायर रेकॉर्ड प्लेअरला जोडला की घूंऽऽ करायचा. मी पुण्याहून नवा आलेला जावई. इंटरनेटवर वाचून ॲम्प्लिफायरच्या पत्र्याला जोडलेली अर्थिंगची हिरवी वायर मी कापली आणि तो घूंऽऽ आवाज गेला. मोठ्या ऐटीत मी त्यांना ऐकायला बोलावलं. त्यांनी रेकॉर्ड प्लेअरची वायर काढली, कारण आता पत्र्याला अर्थिंग मिळत होतं ते फक्त तिच्यातूनच, सवयीनं डावा हात पाठीमागे धरला आणि टेस्टर पत्र्याला टेकवला. टेस्टर पेटला. माझी दोन वर्षांची मुलगी त्याच पत्र्याला गाल लावून गाणी ऐकायची. "आवाज ऐकू तरी येत होता, जावईबापू," ते म्हणाले, "करंट ऐकू येत नाही." मग त्यांनी हिरव्या वायरला पुन्हा डाग दिला आणि ॲम्प्लिफायर आणि रेकॉर्ड प्लेअर दोन्हींचे प्लग एकाच बोर्डात लावले. परत आलेला घूंऽऽ आवाज निम्माच होता. उरलेल्यासाठी मी पुढे सरसावलो, तर म्हणाले, "स्वल्प राहू दे." आता ते नाहीत. मुलगी कॉलेजात जाते आणि त्या आवाजावर कुरकुरते. मी तो अजून काढलेला नाही.