पाणी एकत्र भरायचं, बाकी काही नाही

वहिनीच्या खालच्या मजल्यावरच्या काकूंचा फोन आला, तेव्हा त्यांनी तिचं नाव घेतलंच नाही. म्हणाल्या, "वरून जिन्यानं पाणी वाहायलंय, बेल वाजवून दमले, कुणी दार उघडंना." मी तिथंच समजले. आठवड्यातून एकदा नळ येणाऱ्या आमच्या सिडकोत, भर उन्हाळ्यात, शैलावहिनी पाणी वाहू देईल? दोन गल्ल्या सोडून राहते मी, तिची एक किल्ली माझ्याकडंच असायची. वहिनी स्वयंपाकघरात भिंतीला टेकून बसली होती. पिंप भरून वाहत होतं, साडी सगळी भिजलेली. आणि मी, काय सांगू, आधी नळ बंद केला. मग तिच्या खांद्याला हात लावला. हा क्रम मला झोपू देत नाही... महिना होत आला तरी.

वहिनी म्हणते खरी, पण कायद्यानं ती माझी कुणीच नव्हती. माझा थोरला भाऊ प्रकाशदादा आणि तिचा घटस्फोट होऊन बरीच वर्षं झाली. नातेवाइकांच्या तोंडी ती लगेच नुसती 'ती' झाली. मी वहिनीच म्हणत राहिले, तीही मला वन्सं म्हणत राहिली. कुणी टोकलंच तर मी सरळ सांगायचे, तुमचं तुम्ही बघा.

ती मूळची देवगाव रंगारीची, इथं शाळेत गणित शिकवायची. दादा मोंढ्यात, धान्याच्या आडतीवर कामाला. मूलबाळ झालं नाही, पण त्यावरून दोघांनी कधी एकमेकांना बोल लावला नाही. दारू नाही, मारझोड नाही, संशय नाही. फक्त दादा बोलायचा बंद झाला. आधी दिवसदिवस, मग महिनेच्या महिने. चहाचा कप पुढं ठेवला की घ्यायचा, कप रिकामा ठेवून जायचा. एकदा भाजी निवडता निवडता वहिनी मला म्हणाली, "वन्सं, भांडण असतं ना, तर मी राहिले असते. मला भीती वेगळीच आहे. एखाद्या दिवशी मी या घरात मरून पडेन आणि यांना पत्तासुद्धा लागायचा नाही." मी तिला वेड्यात काढलं. म्हटलं, काहीतरीच बोलतेस बाई.

घटस्फोटासाठी तिनं वकील का केला नाही, याचं लोकांना अजून नवल वाटतं. गाठला होता की एक, शहागंजात. माणूस भला होता. म्हणाला, दोघांची संमती आहे, सोपं काम आहे, फक्त वर्षभर वेगळं राहिल्याचं दाखवावं लागतं, तुमचा पत्ता माहेरचा टाकू. वहिनी उठलीच. माहेरी ती राहतच नव्हती. दोघं एकाच फ्लॅटमध्ये वेगळी राहत होती, तिची खोली वेगळी, शेगडी वेगळी. घर सोडून जाणार कुठं? शहर बायपासच्या पलीकडं पसरत चाललेलं, भाड्याच्या खोल्या मिळायच्या त्या तिकडंच, आणि तिथं पाइपलाइनच नाही. दुष्काळाची वर्षं ती. टँकरच्या भरवशावर कोण राहील?

मग तिनं अर्ज स्वतःच लिहिला. कोर्टाबाहेरच्या टायपिस्टकडून टाइप करून घेतला, शपथपत्रं केली, लग्नपत्रिका जोडली. दोघांचा पत्ता एकच. खिडकीवरचा कारकून वाचून म्हणाला, "मॅडम, घटस्फोट पाहिजे का रेशन कार्ड?" मला हसू आलं, वहिनीला नाही. अर्ज फेटाळला तर परत त्याच मुक्या घरात आयुष्य काढायचं, हे तिला दिसत होतं.

जजबाईंनीही तेच विचारलं. "एकाच घरात राहता, मग वेगळे कसे?"

"स्वयंपाक वेगळा, खोली वेगळी, बोलणं नाही," वहिनी म्हणाली.

"एकत्र काहीच करत नाही?"

मी दाराशी उभी होते. मनात म्हणत होते, नाही म्हण, बाई, नाही म्हण. वहिनी थांबली, वर्गात फळ्यापुढं थांबायची तशी. "पाणी भरतो. नळ आला की दोघं मिळून भरतो. बाकी काही नाही."

बाईंनी दादाकडं पाहिलं. दादा म्हणाला, "तिला बादल्या उचलवत नाहीत. कंबर धरते." त्या वर्षात त्याचं एवढं लांब बोलणं मी ऐकलं नव्हतं. बाईंनी लिहून घेतलं आणि सहा महिन्यांनी बोलावलं. सहा महिन्यांनी दोघं एकाच रिक्षानं गेली आणि सुटून आली. दादा लासूर स्टेशनला, तिथल्या बाजारात कामाला लागला. मी वहिनीला विचारलं, आता कसं वाटतं? म्हणाली, "आधी घर मुकं होतं, आता रिकामं आहे. रिकामं बरं."

पाणी वाहिलं त्या दिवशी डॉक्टर येऊन बघून गेले, सगळं आधीच संपलं होतं. देवगावला तिच्या भाच्याला कळवलं. दादाला मात्र फोन केला नव्हता, कोणत्या नात्यानं सांगू तेच कळेना. तेवढ्यात तो जिना चढून आला, ओल्या पायऱ्यांवरून, भिंत धरत.

"तुला कुणी सांगितलं?"

"कुणी नाही. तिनं फोन उचलला नाही."

तेव्हा कळलं. इतकी सगळी वर्षं, नळाच्या दिवशी सकाळी तो लासूरहून फोन करायचा. पाणी आलं का? दोन्ही पिंपं भरली का? ती म्हणायची, भरली. एवढंच. त्या दिवशी फोन वाजत राहिला आणि हा पहिली गाडी धरून निघाला. मला त्याचा असा राग आला, म्हटलं, "घरात होती तेव्हा का नाही रे विचारलंस?"

"तेव्हा दिसत होती," दादा म्हणाला.

अग्नी भाच्यानं दिला. गुरुजींनी सांगितलं, तुम्हाला सुतक नाही. दादानं मात्र दहा दिवस दाढी केली नाही, चटईवर झोपला.

परवा आमच्याकडं नळ आला. पाइप लावत होते, तेवढ्यात फोन वाजला. दादा.

"पाणी आलं का?"

"आलं."

मी पाइप पिंपात सोडला. तो म्हणाला, "दोन्ही भरली?"

माझ्याकडं पिंप एकच आहे. दादाला माहीत आहे.

"भरली," मी म्हणाले.