मम्मीजींनी सोडलेला मासा

माझ्या सासूबाई चंदनबाई मासळी बाजारावरून जाताना नाकाला पदर लावतात, आणि त्यांची सून माशांवर पीएच.डी. करते. आमच्या जळगावच्या जैन घरात यावरून कमी का कुजबुज झाली! मम्मीजींनी मात्र एकच अट घातली: मासा मरता कामा नये. म्हणून मी शेपटीची कणभर कोर कापून तेवढीच तपासायची.

तापीतल्या चाळीस माशांपैकी एकाच्या पेशींत नेहमीच्या गुणसूत्रांखेरीज दोन बारीक, जास्तीची गुणसूत्रं दिसली. ती तिथं काय करतात, कोणालाच धड ठाऊक नाही. बाकीचे मासे मी तापीत परत सोडले. याची मात्र दुसऱ्यांदा तपासणी झाल्याशिवाय गाइड मानणार नव्हते. माझी तीन वर्षं त्या एका माशावर टांगलेली. प्रयोगशाळेत दुरुस्ती निघाली, म्हणून त्याला घरी गच्चीवरच्या टबात ठेवलं.

पर्युषणात मम्मीजींनी त्याला मेहरूण तलावात सोडून दिलं. जीवदया, आणि तीही माझ्या नावाने! मी चिडले, रडले, नको ते बोलले. शेपटीची खाच पंधरा दिवसांत भरून येईल, मग तो कधीच ओळखू येणार नाही, हेही सुनावलं.

दुसऱ्या सकाळी मम्मीजी तलावावर मासे धरणाऱ्या हिलालभाऊंकडे गेल्या आणि जाळं टाका म्हणाल्या. बाकीचे सोडून द्या, हे त्यांच्या ओठांवर आलं होतं, पण माणसाच्या पोटावर पाय कसा द्यायचा? रोज जाळ्याशी उकिडव्या बसून त्या एकेक शेपटी बघायच्या. घरी येऊन आंघोळ करायच्या आणि माळ घेऊन बसायच्या.

नवव्या दिवशी हिलालभाऊंनी ओंजळ पुढे केली. "अक्का, हाऊच शे तुमना मासा."

दुसऱ्या तपासणीतही ती दोन गुणसूत्रं दिसली. मी मम्मीजींच्या पायांवर डोकं ठेवलं. त्यांचे उपकार माझ्याने फिटायचे नाहीत.

त्या मात्र जाळ्यात जीव गेलेल्या माशांचा दोष साध्वीजींकडे कबूल करायला गेल्या. मी दाराशी उभी होते. साध्वीजींनी नऊ उपवास सांगितले आणि पुन्हा असं करणार नाही, एवढा शब्द मागितला.

"उपवास करते," मम्मीजी म्हणाल्या. "पण शब्द कसा देऊ? सुनेला गरज पडली, तर मी परत जाईन."