मनुनीती चोळाची घंटा आणि अध्यक्षांचा बाळ

मंडळी, आज सकाळी इथे आखातात, वादी कबीरच्या हॉलमध्ये न्यायाचा खून झाला आणि तुम्ही टाळ्या वाजवल्यात.

मुलांचं नाटक मनुनीती चोळावर होतं. तमिळ दंतकथेतला राजा. राजपुत्राच्या रथाखाली वासरू मेलं, गायीने राजवाड्यावरची न्याय मागायची घंटा वाजवली आणि राजाने पोटच्या मुलालाही तसंच रथाखाली मरणाची शिक्षा दिली. माझी मुलगी गाय होती. आमच्या देवघरातली घंटा घेऊन महिनाभर तिची तालीम चालली होती.

राजपुत्र झाला होता आपल्या मराठी मंडळाच्या अध्यक्षांचा मुलगा. पडदा उघडण्याआधी त्याची आई विंगेत आली.

“आमचा बाळ मरताना नको हं दाखवायला. गावाहून आजी आल्यात.”

“वहिनी, मग गोष्टीत उरलं काय?” मी विचारलं.

“राजा माफ करतो, असं करा ना.”

दिग्दर्शकाने लगेच मान डोलावली. घंटेचा प्रवेश खलास. ज्याने वासरू चिरडलं, त्याला गायीनेच हार घातला. उत्कृष्ट अभिनयाचं बक्षीसही राजपुत्रालाच.

गाडीत मुलीने मांडीवरची घंटा घट्ट धरून विचारलं, “बाबा, पण ते बेबी काऊ... ते तर मेलंच ना?”

टाळ्या तुम्ही वाजवल्यात, तुम्हीच सांगा तिला.