छागळीवरचं ठिगळ

जीपच्या पुढच्या बंपरला, डाव्या अंगाला ती टांगलेली असायची — खाकी कॅनव्हासची, पोट फुगलेली, लाकडी बूच लावलेली पाण्याची छागळ. कापडातून पाणी सतत पाझरायचं, वारा लागून गार व्हायचं, आणि भर दुपारी, गावात डोळ्यांना दिसेल ते सगळं करपलेलं असताना तेवढाच एक वीतभर तुकडा ओला, काळपट, थंड दिसायचा. तिच्या तळाशी एक थेंब जमायचा, मोठा व्हायचा, लोंबायचा… आणि खालच्या फुफाट्यात पडून नाहीसा व्हायचा. त्या थेंबाखाली जीभ धरावी असं मला किती वेळा वाटलं, काय सांगू तुम्हाला!

शिरूर कासारच्या अलीकडे, डोंगराच्या उतरणीला आमचं गाव. दुष्काळाचं दुसरं वर्ष होतं. अर्धं गाव ऊस तोडायला कारखान्यांवर गेलेलं आणि उरलेलं अर्धं रस्त्याच्या सरकारी कामावर खडी फोडणारं. माझे वडील, म्हणजे आण्णा, सहकारी दूध संघाच्या जीपवर ड्रायव्हर होते. गुरांच्या बरगड्या मोजता येत होत्या, दूध ते कितीसं निघणार? तरी जीप रोज पहाटे निघायची, गावोगावच्या सोसायट्यांचं तळाला गेलेलं दूध गोळा करून बीडला पोचवायची आणि दुपारी रिकामी कॅनं खडखडवत आमच्या दारातल्या कडुलिंबाखाली येऊन उभी राहायची. मी नऊ वर्षांची होते. माझा भाऊ दिगू दीड वर्षाचा.

सुट्टीच्या दिवशी जीपचं बॉनेट उघडलं की माझी शाळा भरायची. पोत्यावर कारबुरेटर मोकळा करून मांडलेला असे, आणि पेट्रोलचा तो उग्र, गोडसर, डोक्यात चढणारा गंध अंगणभर दरवळत असे… आण्णा तसे अबोल, पण इंजिनाविषयी काही विचारलं की त्यांची कळी खुलायची. टाकीतून एक बारीक नळी निघते. इंजिनाच्या कुशीला बसवलेला पंप त्या नळीतून पेट्रोल ओढतो आणि वर कारबुरेटरला देतो. तिथे पितळेचा एक पोकळ फ्लोट तरंगत असतो, पेट्रोल भरलं की तो सुईनं वाट बंद करतो, उतरलं की उघडतो. मग केसाएवढ्या भोकातून ते फवाऱ्यासारखं उडतं, हवेत मिसळतं आणि ठिणगीची वाट पाहतं. हे सगळं मला तेव्हा तोंडपाठ होतं, पाढे नव्हते.

"थेंब न्हाई जळत, कुशे, वाफ जळती," आण्णा सांगायचे. "पर ती वाफ जागच्या जागी व्हायला पायजे. वाटंतच झाली की खेळ खलास."

पंपाला एक काचेची वाटी होती. तिच्यातून पेट्रोलची नारिंगी झाक दिसायची, आणि ती बघायला मला फार आवडायचं. उन्हाळ्यात मात्र बॉनेटखाली अशी भट्टी पेटायची की नळीतल्या नळीतच पेट्रोल उकळायचं. काचेत बुडबुडे उठायचे, पंप बिचारा नुसती वाफ ओढत बसायचा, आणि टाकी काठोकाठ भरलेली असूनही कारबुरेटर कोरडा ठणठणीत. मोडलेलं काही नसायचं, दुरुस्त करण्यासारखंही काही नसायचं. पंपावर ओलं फडकं गुंडाळायचं, छागळीतलं पाणी धार धरून सोडत राहायचं, आत निवलं की गाडी सुरू. एवढाच इलाज, आणि त्याला पाणी लागायचं.

म्हणून घरात कडक कायदा होता. "ह्या पाण्याला तोंड लावायचं न्हाई. हे जीपचं हाय." छागळ बीडला संघाच्या नळावर भरलेली असायची, स्वच्छ, गार. आम्हाला मात्र टँकरचं गढूळ पाणी, माणशी एक घागर, त्यातच अंघोळ, त्यातच भांडी. मला त्या जीपचा असा राग यायचा म्हणता! लेकरांनी तहानेनं मरायचं आणि लोखंडाला थंडगार पाणी पाजायचं, हा कुठला न्याय?

त्या दिवशी दिगूला सकाळपासून उलट्या-जुलाब सुरू होते. मायनं घरातलं होतं-नव्हतं ते पाणी उकळून, साखर-मीठ घालून त्याच्यासाठी ठेवलेलं. माझ्याकडे बघायला तिला सवड नव्हती. आण्णा दुपारी आले, चार घास खाऊन ओट्यावर आडवे झाले. मी कडुलिंबाखाली गेले. बूच काढलं आणि दोन घोट प्याले. दोनच घोट, असं मी पुढे आयुष्यभर स्वतःला सांगत आले.

थोड्या वेळानं गावातले वैद्य येऊन गेले. दिगूचे डोळे खोल गेले होते, रडताना डोळ्यांत पाणी येत नव्हतं. "आत्ताच्या आत्ता बीडला न्या, सलाईन लावावं लागंल," एवढंच ते म्हणाले. आण्णा उठले ते पळतच. मायनं दिगूला पदरात घेतलं, तांब्याभर साखरपाणी घेतलं. मला उचलून मागं बसवताना आण्णांनी माझ्या डोक्यावरून हात फिरवला, क्षणभर थबकले, मग हात विजारीला पुसून स्टिअरिंगवर बसले.

निम्मी वाट संपली असेल नसेल, चढाला जीप दोन आचके देऊन थांबली. आण्णांनी बॉनेट उघडलं. मी मान लांबवून पाहिलं — काचेच्या वाटीत बुडबुडे खदखदत होते. ते फडकं घेऊन पुढे गेले, छागळीला हात घातला… आणि ती तशीच हातात वर आली, हलकी. त्यांनी ती हलवली, उलटी धरली, नंतर माझ्याकडे पाहिलं. मी रस्त्याकडेच्या खडीच्या ढिगाकडे बघत होते.

"काय झालं?" मायनं विचारलं.

"गळली," आण्णा म्हणाले.

बाजारचा दिवस होता, म्हणून दुष्काळी कामाला सुट्टी; रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. पलीकडे एक वस्ती दिसत होती, आण्णा धावत तिथे गेले आणि तसेच परत आले. घरांना कुलपं होती, माणसं ऊसतोडीला गेलेली, कारखाने बंद व्हायला अजून अवकाश होता. मग ते मायसमोर उभे राहिले.

"तांब्या दे."

"दिग्याचं हाय ते."

"गाडी चालली तरच पोचंल तो. दे."

मायनं दिगूच्या ओठांना दोन चमचे लावले आणि तांब्या पुढे केला. फडकं भिजलं, पंपावरून वाफ उठली, हँडल मारल्यावर इंजिन धरलं, जीप हाकेच्या अंतरावर गेली आणि पुन्हा थांबली. माणसाला जे जे करता येतं ते आण्णांनी केलं, फडकं भिजवायला आमच्याकडे पाठ करून जे करता येतं तेही. शेवटी ते चाकाला टेकून खाली बसले. मायच्या मांडीवर दिगू आधी रडत होता, मग कण्हू लागला, मग…

ऊन उतरलं. वारा जरा निवला. आण्णांनी उठून एकदाच हँडल मारलं आणि जीप सुरू झाली, जणू मधे काही घडलंच नव्हतं. यंत्राचा इतका राग मला पुन्हा कधी आला नाही. बीडला दवाखान्यात दिवे लागले होते. डॉक्टरांनी दिगूचा हात धरला, खाली ठेवला आणि आण्णांना बाजूला बोलावलं.

चार-पाच दिवसांनी मी पाहिलं, आण्णा ओट्यावर बसून दाभण आणि जाड दोऱ्यानं छागळीला ठिगळ लावत होते. जीपच्या जुन्या कापडी हुडाचा हिरवा तुकडा, चारही बाजूंनी बारीक, दुहेरी टाके. माय दारात उभी होती. "एक छागळ न्हाई राखता आली तुमाला," ती म्हणाली. आण्णा टाके घालत राहिले. आणि मला, खरं सांगते, छातीवरचा धोंडा उतरल्यासारखं वाटलं. म्हणजे खरंच गळत होती! मी तर दोनच घोट प्याले होते.

त्या ठिगळाच्या आडोशाला मी मोठी झाले. शिकले, परळीला शाळेत नोकरीला लागले, लग्न झालं, मुलं झाली. मायनं मात्र आण्णांना कधी माफ केलं नाही. भांडली नाही, जेवायला वाढायची, दुखलंखुपलं बघायची, पण त्यांच्याशी हसून बोललेली मला आठवत नाही. कुठल्याही उन्हाळ्यात, कशावरूनही तिचं वाक्य तिथेच यायचं — एक छागळ. आण्णा ऐकून घ्यायचे आणि पंचा खांद्यावर टाकून बाहेर जायचे. मागच्या वर्षी ते गेले, त्या दिवशीही मायच्या डोळ्यांतून टिपूस आलं नाही.

नंतर त्यांची हत्यारांची पेटी आवरताना तळाशी ती छागळ निघाली. कॅनव्हास वाळून कडक झालेला, ठिगळाचा दोरा कुजलेला. बोट लावलं तसा एक कोपरा आपोआप उसवला. मी उरलेले टाके सोडवले… खालचं कापड अखंड होतं. ऊन न लागलेलं, नव्यासारखं खाकी. उजेडात धरून पाहिलं, दाभणाची भोकं सोडली तर कुठे साधं विरलेलंदेखील नव्हतं.

मी तिथेच फरशीवर बसले. दोन घोट नव्हते हो ते. मी पोट फुगेपर्यंत प्याले होते, आणि उरलेलं सगळं, अगदी शेवटच्या थेंबापर्यंत, डोक्यावर ओतून घेतलं होतं — केसांतून, मानेवरून, पाठीवरून उतरणारं ते गार पाणी मला त्या क्षणी जसंच्या तसं आठवलं. आणि आण्णांचा हातही आठवला, माझ्या ओल्या डोक्यावर थबकलेला.

माय खाटेवर बसून माझ्याकडे बघत होती. "कावून बसलीस अशी?" मी छागळ तिच्या मांडीवर ठेवली आणि सांगितलं. सगळं सांगितलं. तिनं ठिगळाखालच्या कापडावरून बोटं फिरवली, पुन्हा फिरवली. तिच्या नजरेला उमजत नव्हतं, पण बोटांना उमजत होतं.

"त्यांना ठाव होतं?"

"होतं, माय."

"आन मी इतकी वर्सं…" एवढंच ती म्हणाली. मला वाटलं आता ती माझ्यावर हात उगारेल, निदान तोंड फिरवेल. तिनं ती छागळ छातीशी धरली आणि आण्णांसाठी रडली, मोठ्यानं, त्यांचं नाव घेऊन घेऊन. मी जवळ जायचं धाडस केलं नाही.

छागळ आता खुंटीला आहे. ठिगळ मी परत लावलेलं नाही.